बाजारातली ताकद मोजायची कशी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘सीसीआय’ म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे कापसाच्या गाड्यांची रांग, माल पाहणारा ग्रेडर आणि हमीभावाची खरेदी उभी राहते. ही सीसीआय म्हणजे १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ. पण दिल्लीत याच आद्याक्षरांची आणखी एक संस्था आहे. ती कापूस विकत घेत नाही. बाजारात कोणी आपल्या ताकदीचा गैरवापर करतो आहे का, हे ती पाहते. तिचे नाव भारतीय स्पर्धा आयोग. या दुसऱ्या सीसीआयपुढे आलेल्या मोठ्या प्रकरणांपैकी एक आमच्याच कपाशीच्या बियाण्याचे होते. बाजारातली ताकद अर्थशास्त्रज्ञ कशी मोजतात आणि त्या मोजमापाचे सरकारी धोरणात पुढे काय होते, हे समजून घ्यायला आपल्याला यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही.

मृगाच्या तोंडावर दिग्रसच्या बाजारातून चक्कर मारली तर कृषी केंद्रांत कपाशीच्या बियाण्याची कितीतरी नावे दिसतात. कंपन्या वेगळ्या, वाण वेगळे, पाकिटावरची चित्रे वेगळी. पाहणाऱ्याला वाटावे, काय ही स्पर्धा! पण बहुतेक पाकिटांवर ‘बीजी-२’ ही अक्षरे मात्र सारखीच असतात. बोंडअळीला मारणारे जनुक सगळ्यांत एकच. मग इथे स्पर्धा आहे की नाही? मोजायचे काय? दुकाने, बियाणे कंपन्या, की पाकिटातले तंत्रज्ञान? उत्तर यावर अवलंबून आहे, आणि खरा वादही इथेच सुरू होतो.

ताकद म्हणजे नेमके काय?

मोठी कंपनी म्हणजे मक्तेदार आणि महाग माल म्हणजे लूट, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अर्थशास्त्र हा समज जसाच्या तसा स्वीकारत नाही. पाऊस लांबला की टोमॅटो महागतो. पण टोमॅटो विकणारे शेकडो असतात, भाव कोणा एकाच्या हातात नसतो. बाजारशक्ती त्याच्याकडे आहे, ज्याने खर्च वाढलेला नसताना भाव चढवला तरी त्याचे गिऱ्हाईक फारसे तुटत नाही आणि नफा घटण्याऐवजी वाढतो. थोडक्यात, गिऱ्हाईक किती अडलेले आहे, हे मोजायचे असते.

अ‍ॅबा लर्नर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये यासाठी एक साधे सूत्र दिले. वस्तूच्या भावातून पुढचा एक नग तयार करण्याचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला भावाने भागायचे. भाव शंभर रुपये आणि पुढचा नग करायला साठ रुपये लागत असतील, तर उत्तर येते ०.४. चुरशीच्या स्पर्धेत भाव खर्चापर्यंत खाली येतो आणि उत्तर शून्याजवळ जाते. उत्तर जसजसे एककाकडे सरकते, तसतशी विकणाऱ्याची पकड घट्ट समजायची.

सूत्र सोपे आहे, पण वापरताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे, ‘पुढच्या एका नगाचा खर्च’ कोणत्याही कंपनीच्या वहीखात्यात लिहिलेला नसतो. तिथे एकूण पगार, एकूण वीज, एकूण कच्चा माल असतो. त्यातून हा आकडा अंदाजाने काढावा लागतो आणि त्या अंदाजावरच दोन्ही बाजूंचे वकील भांडतात. दुसरी अडचण अधिक खोल आहे. बियाण्यातले जनुक शोधायला वर्षे जातात, प्रचंड पैसा लागतो. पण ते एकदा हाती आले की आणखी एका पाकिटात जायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणजे अशा तंत्रज्ञानाचे लर्नरचे उत्तर नेहमीच एकाच्या आसपास येणार. तेवढ्यावरून कोणी लुटतो आहे असे म्हणता येत नाही. संशोधनाचा खर्च कुठून तरी भरून निघावाच लागतो. म्हणूनच इतर पुरावे गोळा करावे लागतात.

आधी कुंपण, मग मोजणी

कोणाचा हिस्सा किती हे काढण्याआधी बाजार कुठून कुठपर्यंत, हे ठरवावे लागते. यासाठीची रूढ कसोटी अमेरिकेच्या न्याय विभागाने १९८२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मांडली. तिला आपण पाच टक्क्यांची कसोटी म्हणू.

समजा, दिग्रसमधली सगळी दुकाने एकाच मालकाच्या हाती गेली आणि त्याने भाव कायमचे पाच टक्क्यांनी वाढवले. लोक काय करतील? मिठाची पिशवी किंवा चहापत्ती आणायला कोणी एसटीचे तिकीट काढून दारव्हा, आर्णी किंवा पुसदला जाणार नाही. वाढीव भाव त्याला पचेल. म्हणजे मीठ-चहापत्तीचा बाजार दिग्रसपुरता. पण लग्नाचा बस्ता असेल तर माणसे हमखास बाहेरगावी जातील, भाववाढ त्याच्या अंगलट येईल. म्हणजे बस्त्याच्या बाजारात पुसद आणि यवतमाळही धरले पाहिजे. गाव एकच, पण दोन वस्तूंच्या बाजारांचे कुंपण वेगवेगळ्या ठिकाणी पडते.

हीच कसोटी वस्तूलाही लागते. बीटी तंत्रज्ञानापोटी पाकिटामागे काही रुपये वाढले म्हणून शेतकरी साध्या संकरित वाणाकडे परत जाईल का? बीटी आले तेव्हा बोंडअळीच्या फवारण्यांचा खर्च आणि धास्ती त्याच्या डोळ्यांपुढे होती. तो परत गेला नाही. म्हणून ‘कपाशीचे बियाणे’ हा एकच बाजार न धरता ‘बीटी तंत्रज्ञानाचा बाजार’ वेगळा धरावा लागतो. तिथे विकत घेणारा शेतकरी नसतो. घेणाऱ्या असतात बियाणे कंपन्या. भार मात्र शेवटी शेतकऱ्यावरच येतो.

या कसोटीत एक फसगत आहे. १९५६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यू पॉन्ट कंपनीला सेलोफेन कागदाच्या खटल्यात निर्दोष ठरवले. लोक वेष्टनासाठी इतर कागदही वापरतात, तेव्हा सेलोफेनची मक्तेदारी नाही, असे न्यायालय म्हणाले. अर्थशास्त्रज्ञांनी चूक दाखवली. भाव आधीच चढवून ठेवलेला असेल तर गिऱ्हाईक मिळेल त्या पर्यायाकडे धावणारच. त्या धावण्यावरून स्पर्धा आहे असे सिद्ध होत नाही. आपल्याकडेही हे घडले. गुजरातमध्ये २००१ साली ‘नवभारत १५१’ हे विनापरवाना बीटी वाण शेतात सापडले, आणि नंतरही अधिकृत पाकीट महाग म्हणून चोरट्या बियाण्याचा धंदा चालू राहिला. चोरटे बियाणे मिळते, म्हणून बाजारात स्पर्धा आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो याच खड्ड्यात पडेल.

हिश्शांचे वर्ग

कुंपण ठरले की हिस्से काढायचे. इथे हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरतात. प्रत्येक विक्रेत्याच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. चार विक्रेत्यांचे प्रत्येकी २५ टक्के असतील तर बेरीज २,५०० होते. पण एकाचे ७० आणि तिघांचे दहा-दहा असतील तर ४,९०० अधिक ३००, म्हणजे ५,२००. विक्रेते दोन्हीकडे चारच, तरी आकडा दुपटीहून जास्त. वर्ग केल्यामुळे मोठ्याचे मोठेपण ठळक होते, हाच या पद्धतीचा उपयोग. पूर्ण मक्तेदारी असेल तर आकडा दहा हजार. अमेरिकेच्या २०२३ च्या तत्त्वांत १,८०० च्या वरचा बाजार ‘अतिकेंद्रित’ मानला आहे.

आता दिग्रसच्या पाकिटांकडे परत या. बियाणे कंपन्या मोजल्या तर त्या अनेक, आणि आकडा आटोक्यातला येईल. तंत्रज्ञान मोजले तर चित्र उलटते. बीटी कपाशीच्या क्षेत्रात ‘बोलगार्ड’ तंत्रज्ञानाचा वाटा ९९ टक्क्यांच्या घरात होता. ९९ चा वर्ग ९,८०१. पेरा तोच, शेतकरी तेच. कुंपण कुठे घातले एवढ्यानेच उत्तर बदलले.

आपल्या कायद्याने मात्र एकाच आकड्यावर निकाल सोपवलेला नाही. १९६९ च्या एमआरटीपी कायद्यात ठरावीक टक्क्यांवर हिस्सा गेला की उद्योग वर्चस्वी मानला जाई. राघवन समितीच्या अहवालानंतर आलेल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याने ती पट्टी सोडली. हिस्सा, कंपनीची आर्थिक ताकद, प्रतिस्पर्धी किती तगडे, गिऱ्हाईक किती अवलंबून, नव्याला आत शिरायला अडथळे किती, असे अनेक घटक आयोगाने एकत्र पाहायचे आहेत. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्चस्व असणे हा गुन्हा नाही. वर्चस्वाचा गैरवापर हा गुन्हा आहे. हे कलम प्रत्यक्षात २० मे २००९ पासून लागू झाले.

बोलगार्डची कहाणी

बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांची भागीदारीतली कंपनी, महिको मोन्सॅन्टो बायोटेक, हे तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने देऊ लागली. परवान्यासाठी एकरकमी ५० लाख रुपये, आणि शिवाय विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे शुल्क, ज्याला ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे होते, आणि त्यात निम्म्याहून मोठा वाटा या शुल्काचा होता.

२००६ च्या आरंभी आंध्र प्रदेश सरकार एमआरटीपी आयोगाकडे गेले. तोवर शुल्क ९०० रुपयांवर आले होते. ११ मे २००६ रोजी आयोगाने अंतरिम आदेश दिला, की हे ९०० रुपये घेऊ नयेत आणि चीनसारख्या शेजारी देशात जे घेतले जाते त्या धर्तीवर वाजवी शुल्क ठरवावे. इथे मोजमापाची आणखी एक पद्धत दिसते. खर्च कळत नसेल तर तीच वस्तू, तोच विक्रेता, पण जास्त स्पर्धा असलेला दुसरा बाजार शोधायचा आणि भावातला फरक पाहायचा. चीनमध्ये सरकारी संशोधन संस्थांचे स्वतःचे बीटी वाण उपलब्ध होते, इथे तसे नव्हते. आंध्रने पाकिटाचा भाव ७५० रुपये ठरवला आणि इतर राज्येही त्याच वाटेने गेली.

आपल्याकडे सरकारी पर्याय येऊ घातला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे बीटी वाण २००९ मध्ये बाजारात आले. पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक आढळल्याने ते थांबवावे लागले. खासगी क्षेत्रातल्या दोन-तीन पर्यायी जनुकांनाही परवानगी होती. त्यांना जागा मिळाली नाही. कागदावरचा प्रतिस्पर्धी आणि शेतातला प्रतिस्पर्धी यांतला फरक मोजणाऱ्याने ओळखायचा असतो तो असा.

२०१५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालय आणि नुझिवीडू सीड्ससह काही बियाणे कंपन्या स्पर्धा आयोगाकडे गेल्या. १० फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात आयोगाने बीटी तंत्रज्ञान हा वेगळा बाजार धरला, त्यात महिको मोन्सॅन्टोचे वर्चस्व प्रथमदर्शनी मान्य केले, करार संपवण्याच्या अटी जाचक दिसतात असे नोंदवले आणि चौकशीचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०२० मध्ये आयोगाच्या बाजूने निकाल दिला. पण जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने सांगितले, की पेटंटच्या परवान्याबाबतच्या तक्रारींना पेटंट कायद्यातच वाट आहे, स्पर्धा आयोगाने त्यात पडू नये. त्याआधी २०२१ मध्ये कंपन्यांची आपसात तडजोडही झाली होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. शुल्क अवाजवी होते की नव्हते, यावर आयोगाचा अंतिम निवाडा आलाच नाही.

भाव बांधला, पुढे काय?

दरम्यान केंद्र सरकारने दुसरी वाट धरली होती. डिसेंबर २०१५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कापूस बियाणे भाव नियंत्रण आदेश निघाला. २०१६ च्या हंगामासाठी बीजी-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यात शुल्क ४९ रुपये ठरले. २०१८ मध्ये पाकीट ७४० आणि शुल्क ३९. २०१९ मध्ये ७३० आणि २०. पेटंटची मुदत २०१९ मध्ये संपली आणि २०२० पासून शुल्क शून्य झाले. शेतकऱ्याचे पैसे वाचले, हे नाकारता येणार नाही.

तरीही मला या दोन वाटांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. भाव नियंत्रण विचारते, भाव किती असावा? स्पर्धा धोरण विचारते, दुसरा कोणी चांगले किंवा स्वस्त घेऊन येऊ शकतो का, आणि त्याला कोण अडवते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका राजपत्राने देता येते. दुसऱ्याला वेळ, पुरावा आणि चिकाटी लागते. आपण पहिला प्रश्न सोडवला, दुसरा राहून गेला.

त्याची किंमत आमच्या भागाने पाहिली आहे. गुलाबी बोंडअळी बीजी-२ ला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात तिने पऱ्हाटी पोखरली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. नवे तंत्रज्ञान आले नव्हते. तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कपाशीचा परवानगीचा अर्ज महिकोने २०१६ मध्येच मागे घेतला होता. तंत्रज्ञान सक्तीने वाटून घ्यायला लावण्याच्या सरकारी प्रस्तावाचे कारण त्यात दिले होते. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने असे विनापरवाना बियाणे जाहीरपणे पेरून आंदोलन केले. कंपनीचे म्हणणे खरे मानायचे की दबावाचे राजकारण, याबद्दल मतभेद असू शकतात. पण न आलेल्या वाणाचा तोटा कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही, एवढे मात्र खरे. भाव कमी झाला म्हणजे बाजार निरोगी झाला, असे म्हणून चालत नाही.

ताकद वापरली गेल्यावर धावण्यापेक्षा ती एकवटण्याआधी पाहणे सोपे असते. जून २०१८ मध्ये बायरने मोन्सॅन्टो विकत घेण्यास आयोगाने संमती दिली ती अटी घालूनच. मोन्सॅन्टोचा महिकोतला २६ टक्के हिस्सा विकायचा आणि तंत्रज्ञान वाजवी व भेदभाव न करणाऱ्या अटींवर द्यायचे, या त्यांपैकी दोन अटी. या कामात हिश्शांचा हिशेब आधीच मांडता येतो, म्हणून अर्थशास्त्राचा उपयोग इथे सर्वांत जास्त होतो.

विकणाऱ्याची बाजू

आतापर्यंत आपण घेताना अडलेल्या शेतकऱ्याचा विचार केला. पण तो विकतानाही अडतो. खरेदीदार मोजकेच असले की भाव पाडण्याची ताकद त्यांच्याकडे जाते. मोजमाप तेच, फक्त आरशात पाहिल्यासारखे उलटे. भाव पाच टक्क्यांनी पाडला तर शेतकरी माल घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो का, असे विचारायचे.

महाराष्ट्राने याचा सर्वांत मोठा प्रयोग स्वतःच केला. १९७१ च्या कायद्याने आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत १९७२ पासून सरकारी यंत्रणा हीच एकमेव खरेदीदार झाली. हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवण्याचा होता. पण शेजारच्या राज्यात भाव चढा असला की कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाई आणि सरकारला नाक्यांवर पहारे बसवावे लागत. कायद्याने घातलेले कुंपण आणि बाजाराचे खरे कुंपण वेगळे आहे, हे त्या गाड्यांनी कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा स्पष्ट सांगितले. २००२ नंतर खासगी खरेदी खुली झाली आणि ही योजना मागे पडली.

आजही बाजार समितीत परवानाधारक व्यापारी किती, हे मोजून भागत नाही. हर्रासात प्रत्यक्ष बोली लावणारे किती? शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे हवेत का? माल दुसऱ्या गावी न्यायला भाडे किती पडते? परवाने वीस आणि बोली लावणारे दोन असतील, तर बाजार दोघांचाच.

आपल्याला निर्देशांक काढायचे नसतात. पण कोणी ‘आमच्या क्षेत्रात भरपूर स्पर्धा आहे’ असे म्हणाले, किंवा ‘ही तर मक्तेदारी’ अशी आरोळी ठोकली, तर तीन प्रश्न जरूर विचारावेत. कुंपण कुठे धरले आहे? पाच टक्के भाव वाढला तर गिऱ्हाईक कुठे जाईल? आणि नवा कोणी यायचे म्हणाला तर त्याला काय आडवे येते? बियाण्याचे पाकीट, मोबाइलचा रिचार्ज, सिमेंटची गोणी, सगळीकडे हे प्रश्न लागू पडतात. पुढच्या हंगामात कृषी केंद्रात उभे राहाल तेव्हा पाकिटावरचे नाव वाचा, आणि त्याखाली बारीक अक्षरांत तंत्रज्ञान कोणाचे आहे, तेही वाचा.